जुना हात आणि नवा वर्ड

"ताई, कागदच गेला की हो स्क्रीनवरनं!"

अण्णांचा फोन सकाळी साडेदहाला आला. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका वकिलांच्या ऑफिसात ते टायपिंग करतात. आधी टाइपरायटरवर आणि मग कॉम्प्युटरवर, अशी मिळून तीसहून जास्त वर्षं झाली. दावा, कैफियत, प्रतिज्ञापत्र, खरेदीखत, मुखत्यारपत्र असे किती कागद त्यांच्या हातून गेले असतील, त्याला मोजदाद नाही. जुन्या कॉम्प्युटरवर वर्ड २००३ होतं. त्याचा मदरबोर्ड गेला, सुटा भाग कुठं मिळेना, तेव्हा साहेबांनी नवं मशीन आणलं. त्यात वर्डची ताजी आवृत्ती.

मी राजारामपुरीत कॉम्प्युटरचा क्लास चालवते. एमएस-सीआयटीची मुलं येतात, टायपिंगच्या परीक्षेची येतात, निवृत्तीला दोन-चार वर्षं राहिलेले कारकूनही येतात. अण्णांना मी काय शिकवणार! कागदाची मांडणी कशी करायची हे मीच त्यांच्याकडून शिकले आहे. पण त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा लागला, म्हणून क्लास सोडून गेले.

स्क्रीनभर एक निळसर पान उघडलं होतं. डावीकडं न्यू, ओपन, सेव्ह, प्रिंट अशी यादी, आणि ज्या अर्जावर काम चाललं होतं त्याचा मागमूस नाही. मी एस्केप दाबलं. अर्ज जागच्या जागी होता, एक अक्षर हललं नव्हतं.

"मग मी काय चुकीचं दाबलं?"

"तुम्ही काय दाबलंत, अण्णा?"

"ते आता सांगता यायचं नाही. पेज सेटअपला गेलो, एवढंच."

मी कीबोर्ड बाजूला सरकवला आणि म्हटलं, टेबलावरच दाबून दाखवा. त्यांनी डोळे मिटले. डावा अंगठा खाली गेला, मग डाव्या हाताची तर्जनी, मग उजव्या हाताची. ऑल्ट, एफ, यू. वर्ड २००३ मध्ये ऑल्ट आणि एफ दाबलं की फाइल मेनू उघडायचा आणि यू दाबलं की पेज सेटअपची खिडकी यायची. अर्ज लीगल कागदावर घ्यायचा होता, त्यासाठी त्यांच्या बोटांनी वीस वर्षांचा रस्ता धरला होता. नव्या वर्डमध्ये त्याच रस्त्यावर पहिल्याच पावलाला स्क्रीन झाकणारं पान उघडतं आणि कागद दिसेनासा होतो.

म्हणजे त्यांनी चुकीचं काहीच दाबलं नव्हतं. अण्णांसारखी माणसं माझ्याकडं येतात तेव्हा आधीच हरलेली असतात. "वय झालं आता, डोकं चालत नाही," असं स्वतःच म्हणतात. घरातली मुलंही तेच म्हणतात. मला हे मनापासून खटकतं, कारण ते खरं नाही. त्यांना जमत नाही ते येत नाही म्हणून नव्हे. फार चांगलं येतं म्हणून जमत नाही. हे कसं, ते नीट समजून घेतलं तर अर्धा त्रास तिथंच कमी होतो.

हाताची आठवण

आपल्याला आठवण म्हटलं की डोक्यातली आठवण सुचते. परवा जेवायला काय होतं, शाळेत बाकावर शेजारी कोण बसायचं, वगैरे. पण आठवणीचा दुसराही एक प्रकार आहे आणि तो मेंदूत वेगळ्या वाटेनं साठतो. सायकल चालवणं, भाकरी थापणं, टायपिंग हे सगळं त्यातलं. ही आठवण शब्दांत सांगता येत नाही, करूनच दाखवावी लागते.

दोन्ही आठवणी वेगळ्या असतात हे कळलं एका रुग्णामुळं. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर फिट्स थांबवण्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काहीही त्याच्या लक्षात राहीना. भेटून गेलेला माणूस थोड्या वेळानं परत आला तर तो त्याला अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी होती, त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण कागदाकडं थेट न बघता आरशात बघून. करून पाहा, हात भलतीकडंच जातो. मोलेसनच्याही पहिल्या दिवशी पुष्कळ चुका झाल्या. दुसऱ्या दिवशी कमी झाल्या, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. आणि प्रत्येक दिवशी त्याला वाटत होतं की हे काम आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. डोक्याला काहीच आठवत नव्हतं, हात मात्र शिकला होता. मिल्नर यांनी हे १९६२ मध्ये मांडलं.

आता अण्णांकडं या. "पेज सेटअप कुठं आहे?" असं विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. टेबलावर बोटं ठेवली की येतं. त्यांचं सगळं वर्ड बोटांत आहे.

हे असं होण्यात फायदाच असतो. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या दोघांनी १९६७ मध्ये कुठलंही हातचं कसब शिकण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिल्या टप्प्यात माणूस प्रत्येक गोष्ट विचार करून करतो. टायपिंगचा नवा विद्यार्थी 'एएसडीएफ जीएफ' असं ओठांत पुटपुटत बोटं शोधतो, तसा. दुसऱ्या टप्प्यात चुका कमी होतात आणि हालचाली एकमेकींना जोडल्या जातात. तिसऱ्या टप्प्यात हात आपोआप चालतो आणि डोकं मोकळं राहतं. अण्णा प्रतिज्ञापत्र टाइप करताना 'सबब', 'येणेप्रमाणे' कुठं घालायचं, तारीख जुळते का, सातबाऱ्यावरचा गट नंबर बरोबर आहे का, याचा विचार करतात. बोल्ड कसं करायचं याचा विचार ते करत नाहीत.

इंटरफेस, म्हणजे स्क्रीनवरची मेनू-बटणांची मांडणी, बदलला की तिसऱ्या टप्प्यावरचा माणूस एका दिवसात पहिल्यावर येतो. प्रत्येक बटण शोधायला पुन्हा डोकं लागतं, आणि ते डोकं तर मजकुरात गुंतलेलं असतं. म्हणून संध्याकाळपर्यंत अंग मोडल्यासारखं होतं, आणि एरवी कधी न होणाऱ्या चुका मजकुरातही व्हायला लागतात. एमएस-सीआयटीला आलेल्या अकरावीतल्या पोराला हा त्रास नाही. तो पहिल्याच टप्प्यावर आहे, त्याच्याकडून काही हिरावलं गेलेलं नाही. त्याला नवा वर्ड सोपा वाटतो ते तो हुशार आहे म्हणून नव्हे, त्याची बोटं कोरी आहेत म्हणून.

तीच इमारत, दुसरं न्यायालय

अण्णांना मी हे समजावत होते तेव्हा त्यांनीच एक उदाहरण दिलं, आणि त्याहून चांगलं मला आजवर सापडलेलं नाही.

आपलं जिल्हा न्यायालय पूर्वी भाऊसिंगजी रोडला, सीपीआर रुग्णालयासमोर होतं. ते कसबा बावड्याच्या नव्या इमारतीत गेलं. "पहिले दोन-तीन महिने," अण्णा म्हणाले, "दसरा चौकात आलो की गाडी आपोआप सीपीआरकडं वळायची. न्यायालय बावड्याला गेलंय हे मला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण हँडलला कुठं ठाऊक होतं!"

ठाऊक असणं आणि वळणं यातलं अंतर ते हेच. नव्या वर्डची माहिती वाचून डोक्याला कळतं, हाताला कळत नाही.

ही गोष्ट पुढं आणखी गुंतते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, आणि ते बसतं त्याच जुन्या इमारतीत. म्हणजे आता सीपीआरसमोर वळणं कधी बरोबर, कधी चूक. कागद जिल्हा न्यायालयाचा असेल तर चूक, उच्च न्यायालयाचा असेल तर बरोबर. नव्या वर्डमध्येही सगळ्यात जास्त घोळ करतात ती हीच ठिकाणं. जे बटण सरळ नाहीसं झालं ते एकदा शोधलं की लक्षात राहतं. पण जुनी जागा तीच आणि तिथं वेगळं काही बसलेलं असेल, तर हात पुन्हा पुन्हा फसतो. ऑल्ट-एफ हे त्यातलंच. कंट्रोल-एफ तसंच. पूर्वी ते दाबलं की शोधायची छोटी खिडकी मधोमध यायची. २०१० च्या आवृत्तीपासून डाव्या बाजूला एक पट्टा उघडतो. जुनीच खिडकी हवी असेल तर कंट्रोल-एच दाबा, बदला-बदलीची खिडकी येते, आणि तिच्यातच शेजारी फाइंडचा टॅब असतो.

मुळात बदललं कशासाठी

"चांगलं चाललेलं होतं की! कशाला हात लावायचा?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे.

विंडोजसाठी पहिला वर्ड १९८९ मध्ये आला. त्यात सुमारे १०० आज्ञा होत्या आणि दोन टूलबार. प्रत्येक आवृत्तीत भर पडत गेली. वर्ड २००३ पर्यंत आज्ञा १,५०० च्या वर गेल्या होत्या, टूलबार ३१ झाले होते, आणि बाजूला उघडणारे टास्क पेन १९. मेनू मात्र तेच नऊ: फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स, टेबल, विंडो, हेल्प. म्हणजे दोन खोल्यांच्या घरात पंधरा माणसांचा संसार. जिथं जागा मिळेल तिथं वस्तू कोंबलेली.

मधे एक उपाय करून बघितला होता. ऑफिस २००० मध्ये (ऑफिस म्हणजे वर्ड ज्यात येतं तो मायक्रोसॉफ्टचा संच) मेनू उघडला की नेहमी लागणाऱ्याच ओळी दिसायच्या, बाकीच्या लपायच्या आणि खालच्या दुहेरी बाणावर क्लिक केलं की बाहेर यायच्या. तुमच्या वापराप्रमाणं यादी आपोआप बदलायची. कागदावर हे शहाणपणाचं वाटतं. पण वर जे लिहिलं ते आठवा: हाताला जागा पाठ होते. रोज बदलणारी जागा हात कशी पाठ करणार? लोकांनी ती सोय बंद करून टाकली. आमच्या क्लासमध्ये तर नव्या मशीनवर पहिलं काम तेच असायचं.

मग ऑफिस २००३ च्या वेळी, ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याकडून, कोणती आज्ञा किती वेळा वापरली जाते याची माहिती गोळा केली गेली. वर्डमध्ये सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या पाच गोष्टी निघाल्या पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड. एकूण वापराच्या सुमारे ३२ टक्के या पाचांतच, आणि एकटं पेस्टच ११ टक्क्यांहून जास्त. नव्या आवृत्तीत काय हवं असं विचारलं की लोक जे सांगायचे, त्यातलं बरंच आधीपासून वर्डमध्ये होतंच. कुणाला सापडत नव्हतं, इतकंच.

त्यातून आलं रिबन. ऑफिस २००७ हे घरगुती ग्राहकांसाठी ३० जानेवारी २००७ ला बाजारात आलं आणि मेनू-टूलबार जाऊन वर रुंद पट्टी आली. पेस्टचं बटण त्यात सगळ्यात मोठं का आहे, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

या बदलात एक तत्त्व आहे, आणि ते समजलं की शोधाशोध निम्मी होते. जुने मेनू क्रियेवर रचलेले होते: घाला, दाखवा, सुधारा, सजवा. नवे टॅब कामाच्या टप्प्यावर रचलेले आहेत. आधी लिहायचं आणि सजवायचं, ते होम. मग काही घालायचं, ते इन्सर्ट. पानाची मापं, ते पेज लेआउट, ज्याला पुढं नुसतं लेआउट म्हणू लागले. तळटीपा आणि अनुक्रमणिका रेफरन्सेसमध्ये, पत्रांचे गठ्ठे मेलिंग्जमध्ये, तपासणी रिव्ह्यूमध्ये. आणि काही टॅब गरजेपुरतेच दिसतात. टेबलात कर्सर ठेवला की टेबलाचे दोन टॅब उगवतात, बाहेर आलात की मावळतात. "मघाशी इथं होतं, आता नाही" या तक्रारीमागं बहुतेक वेळा हेच असतं. टेबलात परत क्लिक करा, टॅब परत येतो.

माझं प्रामाणिक मत सांगते. नवीन शिकणाऱ्यासाठी रिबन बरंच बरं आहे. पण २००७ मध्ये जुन्या मेनूवर परत जायची सोय आतच ठेवायला हवी होती, ती ठेवली नाही. जुने मेनू परत आणून देणारी छोटी सॉफ्टवेअरं मग बाहेरच्यांनी काढली, आणि लोकांनी ती घेतलीही. रिबनमध्ये आपल्या मनासारखे टॅब बनवायची सोय आली २०१० मध्ये. तोवर ज्यांनी वर्षानुवर्षं हात घडवले होते त्यांनी तीन वर्षं निमूट सोसलं. वर्डसारखंच काम करणाऱ्या लिब्रेऑफिस या सॉफ्टवेअरनं हे जास्त समजूतदारपणे केलं. त्यांचे टॅबवाले रूप २०१९ च्या ६.२ आवृत्तीत पक्कं झालं, पण जुने मेनूही ठेवले. व्ह्यूमध्ये यूजर इंटरफेस निवडा आणि जे हवं ते घ्या. ज्यांचं काम साध्या पत्रव्यवहाराचं आहे आणि ज्यांना मेनूच हवेत, त्यांना मी लिब्रेऑफिस बेलाशक सुचवते, शिवाय ते फुकट आहे.

काय टिकलं, काय हललं

घर बदललं तरी सगळं सामान बदलत नाही. अण्णांबरोबर बसून आम्ही आधी टिकलेल्या गोष्टी बघितल्या, कारण घाबरलेल्या माणसाला पहिल्यांदा पायाखाली जमीन लागते.

कंट्रोलचे बहुतेक शॉर्टकट तसेच आहेत. कॉपी, पेस्ट, अनडू, सेव्ह, बोल्ड तर आहेतच, पण कंट्रोल-डी दाबलं की फॉन्टची जुनी खिडकी येते, एफ-१२ दाबलं की सेव्ह ॲज येतं, कंट्रोल-१ नं ओळींतलं अंतर एकेरी, कंट्रोल-२ नं दुहेरी, कंट्रोल-५ नं दीडपट होतं. जुन्या खिडक्या गेलेल्या नाहीत, रिबनच्या बऱ्याच गटांच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक बाण असतो, त्याच्यामागं त्या आहेत.

आणि एक गोष्ट बऱ्याच जुन्या लोकांना कुणी सांगतच नाही. ऑल्टचे जुने रस्तेही पुष्कळसे चालू ठेवलेले आहेत. अण्णांना म्हटलं, परिच्छेदाची खिडकी उघडा, तुमच्या पद्धतीनं. ते कचरले. मग ऑल्ट, ओ, पी. ओ दाबल्यावर वर एक छोटी चौकट आली, जुन्या आवृत्तीची पुढची अक्षरं दाबत राहा अशा अर्थाची. पी दाबताच परिच्छेदाची तीच जुनी खिडकी समोर. अण्णा खुर्चीत मागं टेकले. "म्हणजे सगळंच गेलं नाही म्हणायचं!" ऑल्ट, ई, एस नं पेस्ट स्पेशलही तसंच येतं. नव्या टॅबनी जी अक्षरं स्वतःसाठी घेतली तेवढे रस्ते बंद झाले. एफ हे त्यातलं, म्हणून पेज सेटअप अडलं. त्याचा नवा रस्ता ऑल्ट, पी, एस, पी.

हललेल्या गोष्टींत लोक सगळ्यात जास्त अडतात ते थोडक्यात असं. हेडर-फूटर पूर्वी व्ह्यूमध्ये होतं, आता इन्सर्टमध्ये. तळटीप इन्सर्टमध्ये होती, आता रेफरन्सेसमध्ये. शब्दसंख्या टूल्समधून रिव्ह्यूत गेली, आणि खालच्या पट्टीवरही दिसते. मेल मर्ज, म्हणजे एकाच पत्रात यादीतली नावं आपोआप घालायची सोय, टूल्सच्या पोटातून निघून मेलिंग्ज नावाच्या स्वतःच्या टॅबमध्ये आलं, आणि इथं मात्र नव्या रचनेचं कौतुक करायला हवं. पतसंस्थेच्या नोटिसा काढणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला जुन्या वर्डमध्ये ते कधी सापडलंच नव्हतं. ती पाचशे पत्रांत पाचशे नावं हातानं घालायची. काही सापडलंच नाही, तर अलीकडच्या आवृत्त्यांत वर शोधायची चौकट आहे, ऑल्ट-क्यू दाबून तिथं कामाचं नाव लिहायचं. ती नुसती जागा सांगत नाही, तिथूनच काम करूनही देते.

पक्षकारांच्या नावांमधली मोकळी जागा

एक घोळ इंटरफेसचा नाही, पण त्याच दिवशी अंगावर येतो, आणि जुने टायपिस्ट त्यानं जास्त हैराण होतात.

दाव्याच्या पहिल्या पानावर न्यायालयाचं नाव, दाव्याचा नंबर, मग वादीचं नाव, खाली वय, धंदा शेती, राहणार अमुक, मग 'विरुद्ध', मग प्रतिवादी. टाइपरायटरवर शिकलेला माणूस प्रत्येक ओळीशेवटी लिव्हर ओढायचा. कॉम्प्युटरवर त्याची जागा एंटरनं घेतली. अण्णा सांगतात, पहिल्या वर्षी ओळ संपली की डावा हात आपसूक वर उठायचा, लिव्हर धरायला. तेव्हा प्रत्येक ओळीला एंटर. वर्ड २००३ मध्ये त्यानं काही बिघडायचं नाही, कारण परिच्छेदाखाली मोकळी जागा शून्य आणि ओळींतलं अंतर एकेरी. वर्ड २००७ नं ठरलेली मापंच बदलली. ओळींतलं अंतर १.१५ आणि प्रत्येक परिच्छेदाखाली १० पॉइंट जागा. फॉन्टही १२ पॉइंट टाइम्स न्यू रोमन जाऊन ११ पॉइंट कॅलिब्री आला. पुढच्या आवृत्त्यांत आकडे थोडे बदलले, मोकळी जागा राहिलीच.

वर्डच्या दृष्टीनं एंटर म्हणजे परिच्छेद संपला. म्हणून नाव, वय, धंदा, राहणार या चार ओळी म्हणजे चार परिच्छेद, आणि चारही एकमेकांपासून फटकून उभे. जे शीर्षक अर्ध्या पानात बसायचं ते पान ओलांडून गेलं. अण्णा एकेका ओळीची जागा बॅकस्पेसनं खायला बघत होते, आणि ती जागा बॅकस्पेसनं जात नाही, कारण ती अक्षर नाहीच.

यावर तीन उपाय आहेत. त्याच परिच्छेदात नुसती खालची ओळ हवी असेल तर शिफ्ट धरून एंटर. चालू कागदापुरतं हवं असेल तर डिझाइन टॅबमध्ये पॅराग्राफ स्पेसिंग, त्यात नो पॅराग्राफ स्पेस. आणि कायमचं हवं असेल तर ऑल्ट, ओ, पी नं परिच्छेदाची खिडकी उघडून आफ्टरमध्ये शून्य, ओळींतलं अंतर सिंगल, आणि खाली सेट ॲज डीफॉल्ट. मग वर्ड विचारतो, याच कागदासाठी की यापुढच्या सगळ्यांसाठी. सगळ्यांसाठी म्हणा. अण्णांनी तिसरा उपाय घेतला. फॉन्टचंही कंट्रोल-डी मधून तसंच केलं.

एका वेळी एकच

नवं मशीन आलं की ऑफिसात सगळं एकदम बदलायची हौस येते. वर्ड नवा, मराठी टायपिंग जुन्या फॉन्टवरून युनिकोडवर, कीबोर्डची रचना टाइपरायटरच्या रेमिंग्टनवरून इनस्क्रिप्टवर, आणि त्याच आठवड्यात ई-फायलिंग. हे मी कळवळून सांगते, असं करू नका. अक्षरांच्या जागा हा हाताच्या आठवणीचा सगळ्यात खोल थर आहे. तो हलवला आणि वरचा थरही हलवला, तर माणसाला उभं राहायला काही उरत नाही. युनिकोड घ्या, ते घ्यायलाच हवं, पण रेमिंग्टनच्या रचनेतही युनिकोड टाइप करता येतं. बोटं तीच ठेवा. वर्डची सवय झाली की मग पुढचं बघू.

अण्णांच्या टेबलावर मी एक कोरा कागद ठेवला. जिथं अडाल तिथं फक्त काय करायचं होतं ते लिहा, म्हटलं, आणि पुढचं काम चालू द्या. दोन दिवसांनी कागदावर चौदा ओळी होत्या, त्याही काही पुन्हा पुन्हा आलेल्या. पंधराशे आज्ञांमधल्या चौदा! त्यांना नवा वर्ड शिकायचा नव्हताच. चौदा जागा शिकायच्या होत्या.

त्यातल्या रोजच्या चार आम्ही क्विक ॲक्सेस टूलबारवर घेतल्या. कुठल्याही बटणावर, अगदी त्या कोपऱ्यातल्या बारीक बाणावरही, राइट क्लिक करून ॲड टू क्विक ॲक्सेस टूलबार म्हणायचं. ती पट्टी दिसतच नसेल तर रिबनवर राइट क्लिक करून ती दाखवायला सांगता येते. पट्टीवरच्या पहिल्या बटणाला ऑल्ट-१ लागू होतं, दुसऱ्याला ऑल्ट-२. पेज सेटअप आम्ही पहिल्या जागेवर नेलं. रिबनच्या पुढच्या आवृत्तीत काहीही इकडचं तिकडं झालं तरी या चार जागा अण्णांच्या. नंतर त्यांचा क्रम मात्र बदलायचा नाही, एकदाही नाही.

शिकवणाऱ्याला एकच सांगायचं आहे, मग तो मुलगा असो, नातू असो की ऑफिसातला ज्युनियर. माऊस हातात घेऊ नका. आपल्याला वाटतं, पटकन करून दाखवलं की कळेल. त्यांच्या डोळ्यांना कळतं आणि डोकं मान हलवतं, पण हात मांडीवर असतो. मोलेसनचं उदाहरण परत आठवा. शिकला होता तो हात, आणि तो शिकला कारण पेन्सिल त्याच्याच हातात होती. मीही सुरुवातीची काही वर्षं विद्यार्थ्यांच्या हातून माऊस घ्यायची, वेळ वाचावा म्हणून. तेच लोक आठवड्यानं तोच प्रश्न घेऊन यायचे. आता मी खुर्चीमागं उभी राहते, हात पाठीमागं बांधून, आणि तोंडानं सांगते. पाच मिनिटं जास्त लागतात. प्रश्न मात्र परत येत नाही.

तीन आठवड्यांनी कपिलतीर्थ मार्केटमधून भाजी घेऊन येताना अण्णांच्या ऑफिसात डोकावले. सर्किट बेंचसाठीचं एक प्रतिज्ञापत्र चाललं होतं, कागद ए-फोर करायचा होता. मजकुराकडंच बघत त्यांची बोटं गेली ऑल्ट-एफवर. ते मोठं पान उघडायच्या आत डावी करंगळी एस्केपवर होती, आणि लगेच ऑल्ट-१. पेज सेटअप उघडलं. मधे आपण चुकलो हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "ताई, 'उपरोक्त'मधला क्त पूर्ण दिसतोय का बघा, चष्मा बदलायला झालाय."